बाबांनी हेल्मेट घातलं

प्रिय हट्टीबाई,

बाबांचा हेल्मेट घातलेला फोटो पाहून तू दिवसभर घरात नाचत होतीस, असं जावईबापूंकडून कळलं. तुझा निरोप तर ह्यांनी मला स्वतः वाचून दाखवला. ‘अखेर गंगेत घोडं न्हालं. जिंकले मी. आता सुट्टीत येऊ तेव्हा भिंगरीला खुशाल तुमच्या पुढ्यात घोड्यावर बसवा, माझी हरकत नाही.’ एकदा वाचून झाल्यावर ह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि मग पागेत जाऊन मोतद्दारकाकांना ऐकवला. त्या दिवशी घोड्यावर बसायला शिकायला आलेल्या एकूण एक माणसाला तो निरोप ऐकावा लागला. मीही हसले. हसले म्हणजे काय, तोंड तसं केलं. फोनवर तुला काही सांगायची सोय नाही, कारण तुझा फोन आला की हे खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि आवाज मोठा करून ठेवतात. म्हणून पत्र. ‘पत्र बघून घाबरू नकोस’ असं लिहिणार होते, पण तू घाबरावंस म्हणूनच तर लिहितेय.

सकाळचे वर्ग संपलेत. हेल्मेटं वाटायच्या माझ्या नेहमीच्या खिडकीत बसलेय. समोरच्या कट्ट्यावर सगळी हेल्मेटं उलटी करून उन्हात टाकलीत, आतला घाम वाळायला. तुला आठवतं ना, खिडकीवरची पाटी मीच रंगवली होती, ‘हेल्मेट नाही तर घोडा नाही’. इतकी वर्षं त्या पाटीखालून हे उघड्या डोक्याने ये-जा करत आले. नवा माणूस आधी पाटीकडे बघतो, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. मग सुरू होतं. डोक्याला गरम होतं, केस चपटे होतात, मला कुठे शर्यतीत पळायचंय. मागे एक गृहस्थ म्हणाले, माझ्या मापाचं हेल्मेटच मिळत नाही. मी म्हटलं, साहेब, डोकं एवढं मोठं आहे तर जपायलाही जास्त हवं. बिचाऱ्यांनी घातलं. पण रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेले की अर्धे लोक हनुवटीखालचा पट्टा सोडतात, हे मला इथून दिसतं. ज्याच्याकडून शिकायचं तोच बोडक्याने फिरतोय म्हटल्यावर माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ह्यांचं म्हणणं तुला पाठच आहे. डोक्यावर टोपलं घालून बसणारा माणूस घोड्याला आधीच सांगून टाकतो, की बाबा रे, माझा तुझ्यावर भरवसा नाही. त्यातूनच ती उघड्या डोक्याची फेरी निघाली. ज्याचं शिक्षण पुरं झालं असं ह्यांना वाटेल, त्याचं हेल्मेट हे स्वतःच्या हाताने काढणार, आणि त्याने तसंच रिंगणाला एक फेरी मारायची. सगळे टाळ्या वाजवणार. त्या एका फेरीसाठी मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी वाट बघायची. तुझी पाळी आली तेव्हा तू घोड्यावर बसल्या बसल्या दोन्ही हातांनी हेल्मेट धरून ठेवलंस आणि म्हणालीस, ‘बाबा, डोकं उघडं करून शिकल्याचं कळत असेल तर मला नाही शिकायचं.’ सगळ्यांसमोर. तुझ्याइतकं चांगलं इथे कुणीच बसत नव्हतं, पण तुला ‘शिकलीस’ म्हणून ह्यांनी आजवर म्हटलं नाही. आणि तूही कमी नाहीस. भिंगरी झाली तेव्हा पाळण्याजवळ उभी राहून बापाला बजावलंस, की जोवर तुमचं डोकं उघडं, तोवर माझी मुलगी तुमच्या पुढ्यात बसणार नाही. तुम्हा दोघांत मी नेहमी पंच. आणि पंचाचं कुणी ऐकत नाही.

मग तुझी हेल्मेटं यायला लागली. ह्यांच्या प्रत्येक वाढदिवसाला एक. ह्यांनी एकही परत केलं नाही, एकही घातलं नाही. खोगिरांच्या खोलीत ती सगळी ओळीने खिळ्यांना टांगलेली असतात. एकात नाल ठोकायचे खिळे, एकात गाठी पडलेल्या दोऱ्या, आणि खाली पडलेल्या पांढऱ्या हेल्मेटात मांजरीने पिल्लं घातली तर हे म्हणाले, बघ, लेकीचं हेल्मेट कुणाच्या तरी कामी आलं. मी तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तर चालेल, कारण आता तू हसणार नाहीस.

गेल्या काही महिन्यांतली गोष्ट. सकाळचा नवशिक्यांचा वर्ग होता. हे मावशीवर बसून शिकवत होते. मावशी म्हणजे आपली ती तपकिरी घोडी, तिच्या गरीब स्वभावामुळे मुलांनी ठेवलेलं नाव. ‘लगाम हातात धरायचा, पण घोड्याला वाटलं पाहिजे की...’ एवढं म्हणून हे थांबले. बोलता बोलता नेहमी थांबतात तसे नव्हे. हातातून लगाम घसरला. तोंड किंचित हलत होतं, काही चघळत असल्यासारखं, आणि डोळे उघडे असून कुणाकडेच बघत नव्हते. मावशी आपणहून उभी राहिली. मुलांना वाटलं सर परीक्षा बघतायत, ती सगळी चिडीचूप. थोड्या वेळाने ह्यांनी वाक्य पुरं केलं, ‘...की तो आपल्याच मनाने चाललाय,’ आणि लगाम खाली का लोंबतोय म्हणून स्वतःच चकित झाले. मी खिडकीतून बघत होते. माझ्या हातातला फडका तसाच राहिला.

पुढच्या वेळी मात्र खाली आले. वेगात नव्हते, काही नव्हतं, पोतं कलंडावं तसे एका बाजूने वाळूत उतरले. उठले, डोक्यातली वाळू झटकली आणि मोतद्दारकाकांवर ओरडले, की तंग सैल बांधलास म्हणून खोगीर फिरलं. खोगीर जागच्या जागी होतं. पोटाखालचा पट्टा इतका घट्ट होता की बोट जात नव्हतं. काका खाली मान घालून म्हणाले, ‘चुकलं मालक.’ नंतर माझ्यापाशी येऊन उभे राहिले आणि डोळे पुसून निघून गेले.

डॉक्टरकडे न्यायला मला खूप रडावं लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची, शांत. तिने नीट समजावलं, की मेंदूत मधूनच क्षणभर दिवे जातात आणि परत येतात, आणि गेले होते हे त्या माणसाला कळतही नाही. गोळ्या दिल्यात. लागू पडतील, पण किती आणि केव्हा, ते आज सांगता येत नाही. तोवर गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही, पोहायला जायचं नाही आणि घोड्यावर तर मुळीच बसायचं नाही. हे सगळं ऐकून हे म्हणाले, ‘आणि हेल्मेट घालून?’ ती कागदावर लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, ‘हेल्मेट तर केव्हाही चांगलंच, पण...’ त्या ‘पण’लाच हे खुर्चीवरून उठले. तिथेच तर घोडं पेंड खातं. अर्धं वाक्य घेऊन ह्यांनी घर गाठलं, आणि उरलेलं अर्धं माझ्याकडे राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खोगिरांच्या खोलीत गेले. तू मागच्या वाढदिवसाला पाठवलेलं काळं हेल्मेट खिळ्यावरून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि रिंगणात आले. काय सांगू तुला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उघड्या डोक्याच्या फेरीला वाजवायचे तशाच. तो चपट्या केसांची तक्रार करणारा माणूससुद्धा पट्टा नीट आवळून बसला. त्या दिवसापासून माझ्याशी वाद घालायला कुणी येत नाही, गुमान हेल्मेट घेतात आणि जातात. इतकी वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते एका सकाळी झालं, आणि मला खिडकीत उभं राहवेना. तुला आलेला तो फोटो त्याच वेळचा. नीट बघ, ह्यांच्यामागे खिडकी दिसते आणि खिडकीत मी नाही.

मी काय काय केलं म्हणून विचारशील. खोगीर लपवलं, तर हे खोगिराशिवाय बसले, ते आणखीच वाईट. काकांना सांगितलं घोडा तयार करू नका, तर ते म्हणाले, ‘वहिनी, मालकांनी सांगितलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?’ माहेरी निघून जाईन म्हटलं, तर हे म्हणाले, कुठल्या माहेरी, भावाने घर विकलं त्याला जमाना झाला. भांडले, अबोला धरला, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. एकदा मात्र हे शांतपणे बोलले. म्हणाले, ‘खाली उतरलो की मी कोण, सांग. शेण भरणारा एक म्हातारा. तुझं म्हणणं होतं हेल्मेट घाल, घातलं. आता आणखी काय हवं?’ हेल्मेट पडलेल्याचं डोकं वाचवतं, पडायचं थांबवत नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. पण माझं सगळं आयुष्य त्या एका मागणीत गेलं, आणि ती पुरी करून ह्यांनी माझं तोंड बंद केलं. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय ती वेगळीच.

आणि शेवटची लाज तुला सांगते. हल्ली गोळ्यांनी ह्यांची बोटं थोडी थरथरतात, हनुवटीखालचा चाप लागत नाही. तो रोज सकाळी मी लावते. मान वर करून हे लहान मुलासारखे उभे राहतात. परवा म्हणाले, ‘हट्टीने निवडलंय बरं का, कुठे टोचत नाही.’ ज्यांनी घोड्यावर बसू नये त्यांना मीच तयार करून पाठवते, कारण बसणारच असतील तर निदान डोकं तरी झाकलेलं असू दे. तुला वाटलं असेल, इतक्या वर्षांनी बाबांनी माझं म्हणणं मानलं. तसं असतं तर मी या पत्राऐवजी तुला पेढ्यांचा डबा पाठवला असता. तुझा आनंद काढून घेतेय, पोरी, मला माफ कर.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हे भिंगरीला पुढ्यात बसवून ओढ्यापर्यंत नेणार आहेत, तुला लहानपणी न्यायचे तसं. दिवे गेले तर तिला धरलेला हात सुटेल आणि तो सुटल्याचं ह्यांना कळणारसुद्धा नाही. तू तिला बसवू देऊ नकोस. मी सांगितलं म्हणू नकोस, दुखण्याचं तर नावही काढू नकोस, ते तुझ्यासमोर मोडतील आणि मला ते बघवणार नाही. भिंगरीला घोड्याची भीती वाटते म्हण. खोटं आहे, मला ठाऊक आहे, ती फोनवरसुद्धा घोड्यासारखी खिंकाळते. नात घोड्याला भिते हे ऐकून ह्यांना फार लागेल, पण तेवढं लागू दे. जमलं तर तिलाही शिकवून ठेव, आजोबांनी उचलायला हात पुढे केले की रडायचं. आणि लवकर कळव, कारण ह्यांची तयारी झालीय. काल दुपारी खोगिरांच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर हे जमिनीवर मांडी घालून बसले होते. भिंतीत अगदी खाली एक नवा खिळा मारला होता आणि त्यावर एवढंसं लाल हेल्मेट टांगलं होतं. तिचं तिला काढता आलं पाहिजे, म्हणाले, आपल्या हाताने काढून घातलं की सवय लागते. मग मला विचारलं, पोहोचेल ना गं तिचा हात? मला म्हणायचं होतं ते तू वर वाचलंसच. मी म्हटलं, अजून जरा खाली घ्या.

तुझीच,
आई