एक्सलची पुढची बाजू

लालबाग, मंगळवार

तीर्थस्वरूप दौलतमामा यांस,

स्वप्नीलचा लालबागहून वाकून नमस्कार. आई, अक्षदा आणि मी, आम्ही तिघंही इकडे बरे आहोत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (आई म्हणते, मागच्या फोनला तुम्ही डावा म्हणालात. मी उजवाच ऐकला होता. जो दुखत असेल त्याला तेल लावत जा.) मामींची साखर, विहिरीवरचा पंप आणि गेल्या खेपेला माझी एक चप्पल पळवणारा तुमचा कुत्रा, सगळे ठीक असावेत. चप्पल सापडली असल्यास ठेवून द्या, दुसरी मी अजून टाकलेली नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही पहिल्याच मिनिटाला "मुद्द्याचं बोल" म्हणता आणि माझा मुद्दा नेहमी शेवटी असतो, म्हणून पत्र लिहितो आहे. अकरावी अर्धवट सोडली असली तरी आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची शिस्त मी सोडलेली नाही. शेजारचे आनंदाकाका उद्या सकाळी गावी निघालेत, त्यांच्या हाती पाठवतो.

तुम्ही पाठवलेला ट्रेलरचा एक्सल ब्रेकसकट सुखरूप पोचला. दुकान पाडल्यापासून आईचं कांडपाचं यंत्र आमच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी उभं आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे. (अक्षदा त्याच्यावर ओढण्या वाळत घालते.) ते ट्रेलरवर चढवायचं, राजाराम वेल्डरच्या टेम्पोला जोडायचं आणि आपल्या चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या बायकांच्या फाटकाशी जाऊन मसाला कुटून द्यायचा, हा बेत तुमच्यासमोरच ठरला होता. येत्या रविवारी भोईवाड्याच्या टॉवरमध्ये पहिली फेरी आहे. चौदा घरांच्या मिरच्या गच्चीवर वाळून तयार आहेत. आईनं शब्द दिलाय. रविवार चुकला तर त्या बायका दुसरीकडे जातील, आणि जून लागल्यावर कोण मसाला करतंय? म्हणजे आईचा वर्षाचा हंगाम ह्या एका ट्रेलरवर आहे आणि ट्रेलर, तुम्हीच म्हणालात त्याप्रमाणे, माझ्यावर आहे. तेव्हापासून मला जेवण नीट जात नाही. (आईला सांगू नका, ती भात वाढवते.)

तुम्ही शिकवलंत तसंच मी सगळं केलं. दोन्ही ड्रम उघडले, आत घासून ब्रेक धरणारे लायनर पाहिले. आखूड लायनर गाडीच्या पुढच्या अंगाला आणि लांब मागच्या, नाहीतर गाडी पुढे जाताना ब्रेक धरत नाही आणि मागे घेताना सोडत नाही, हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मग एक्सलच्या पाइपवर खडूनं बाण काढला आणि बाणापुढे "पुढे" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. मामा, त्या क्षणी जगात सगळं योग्य दिशेला तोंड करून होतं.

पण घरात नवी वस्तू आली की आई काय करते ते तुम्हांला मी सांगायला नको, ती तुमची बहीण आहे. मिक्सर आला तेव्हा मिक्सरची पूजा झाली, गॅसची नळी बदलली तेव्हा नळीची. धुळीवर कुंकू लावायचं नाही म्हणून तिनं एक्सल ओल्या फडक्यानं पुसला. खडू गेला. मग हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. मी नटांना वायसर आणायला कोपऱ्यावर गेलो. (तिथे मला तीन मापांचे वायसर दाखवले, त्यामुळे वेळ लागला.) परत येतो तो राजारामनं ट्रेलरच्या सांगाड्याखाली एक्सल बसवून चारही बोल्ट आवळलेले, आईनं बोल्टापुढे नारळ फोडलेला आणि अक्षदा खोबरं वाटत फिरत होती. माझा बाण कुठे गेला म्हणून विचारलं तर राजाराम म्हणाला, बाणबिण मला ठाऊक नाही, आजवर इतक्या गाड्या केल्या, मागच्या अंगाला कुंकू लावलेली एकही पाहिली नाही. त्यानं कुंकवाची बाजू हुकाकडे, म्हणजे टेम्पोला जोडायच्या टोकाकडे, केली होती. ब्रेकच्या तेलाचा पाइप दोन्हीकडून बसतो, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही.

परवा रविवारी संध्याकाळी गल्लीत चाचणी घेतली. अक्षदा शिट्टी घेऊन उभी. राजारामनं टेम्पो काढला, वीस पावलांवर ब्रेक मारला. तुमच्या सांगण्याप्रमाणे ट्रेलरनं मागून ढकलायचं आणि त्या ढकलण्यानंच त्याचा ब्रेक लागायचा. ढकलणं झालं, लागणं झालं नाही. टेम्पोच्या मागचा दिवा फुटला. मग मागे घ्यायला गेला तर ट्रेलर जागचा हलेना. चार जणांनी रेटला तरी हलेना. राजाराम खाली उतरून म्हणाला, हा ट्रेलर नाही, ही म्हैस आहे. मी ड्रम उघडून दाखवला. लांब लायनर पुढे, आखूड मागे. चार बोल्ट सोडायचे, एक्सल फिरवायचा, पुन्हा आवळायचे. तासाभराचं काम.

आई नको म्हणाली. पूजा करून, नारळ फोडून बसवलेली वस्तू उठवायची नाही. बाकी काय फिरवायचं ते फिरवा.

तर मामा, आम्ही बाकी फिरवलं. एक्सल फिरवायचा नाही तर ट्रेलरच फिरवू, असं राजाराम म्हणाला आणि त्यानं हूक कापून दुसऱ्या टोकाला जोडला. ब्रेक उत्तम लागले. पण एक्सल मुळात जरा मागच्या अंगाला होता तो आता जरा पुढच्या अंगाला झाला, त्यामुळे यंत्र चढवल्याबरोबर ट्रेलर मागच्या मागे बसला आणि हूक वर आभाळात. म्हणून यंत्र उचलून पुढच्या टोकाला नेलं. (त्याला नवी आठ भोकं पाडली. जुनी आठ मी बूच मारून बंद केली, उंदीर शिरतात.) तेव्हा हूक खाली आला आणि लक्षात आलं की मसाला द्यायची खिडकी फुटपाथकडे होती ती आता रस्त्याकडे झाली. अक्षदा म्हणाली, बरंच झालं, आता गिऱ्हाइकं चालत्या बसमधून हात काढून मसाला घेतील. राजाराम दुसऱ्या बाजूला नवी खिडकी कापायला निघाला होता. मी मोजून पाहिलं, दोन्हीकडे खिडक्या झाल्या तर छप्पर फक्त चार कोपऱ्यांवर उभं राहील आणि यंत्र सुरू झालं की ते भोईवाड्यात राहील असं खात्रीनं सांगता येत नाही. आता पत्रा कापायचं काम मी शनिवारपर्यंत थोपवून धरलं आहे. आईची मात्र ह्या सगळ्याला परवानगी आहे. फक्त चार बोल्टांना नाही.

बाकी इकडे सर्व कुशल आहे. मामींना नमस्कार सांगा. राग मानू नये.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
स्वप्नील

ता. क. : मुद्दा राहिला. आई देवाखालोखाल फक्त तुमचं ऐकते. तुम्ही शनिवारी सकाळपर्यंत येऊन, पूजा झालेला एक्सल उठवलेला चालतो, एवढं एक वाक्य तिच्यासमोर म्हणावं. गुडघा डावा असो वा उजवा, एसटीत खिडकीपाशी पाय लांब करता येतो.

ता. क. दुसरा : पक्कं लिहिताना वरचं सगळं पुन्हा वाचलं. त्यात खोटं काहीच नाही, पण एक गोष्ट गाळली गेली आहे. खडू पुसल्यावर आईनं मला विचारलं होतं, "पुढची बाजू खंयची रे?" मी एक्सलच्या पलीकडे चहा घेऊन बसलो होतो. माझ्या पुढ्यात जी बाजू होती ती मी पुढची म्हणून बोट करून दाखवली. कुंकू तिथेच लागलं. वायसर आणायला मी त्यानंतर गेलो. आईनं कुणालाच काही सांगितलं नाही, म्हणून मला वाटलं ती विसरली.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायच्या आधी आईला हे सांगितलं, तुम्हांला आधी कळवणं बरं दिसेना. ती लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, "माका ठावक होता. बोट तूच दाखवलंस मा? तुजा पयलाच काम, राजारामासमोर कित्याक बोलूचा?" मग म्हणाली, जा, सोड ते बोल्ट, आणि देवाला सांगायचं ते मी सांगेन. तेव्हा पहिल्या ता. क.मधलं वाक्य म्हणायला तुम्ही आता यायची गरज नाही. राजारामला मी स्वतः सांगितलं. तो दहा मिनिटं हसला आणि फुटलेल्या दिव्याला माझं नाव दिलं. आता टेम्पोचा तो दिवा "स्वप्नील". हूक आणि यंत्र परत आपापल्या जागी जात आहेत, आणि एक्सल सुटून आमच्या दारात पडला आहे. आईनं आत्ताच पुन्हा ताट आणलं आणि विचारलं, पुढची बाजू कुठली. मी दोन्ही हात खिशात घातले. ताट झाकून ठेवलंय. तुम्ही शनिवारी या आणि बोट दाखवा.