शेवटचा फर्मा

प्रिय दादा,

सुटायच्या आधी वाचायला तू भावाभावांची कादंबरी मागितलीस. सोबतची वाच. त्यात दारुड्या बापाचा मार खात वाढणारे दोन भाऊ आहेत. धाकटा माझ्यासारखाच भित्रा आहे; तू हसशील.

बांधणी मीच केली. शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, मुद्दाम शिवली नव्हती. त्यांत थोरला तुरुंगातून घरी येतो आणि कुऱ्हाडीने बापाचं डोकं फोडतो. माझ्या प्रतीत धाकटा त्याला दार उघडतो, तिथेच गोष्ट संपत होती.

भेटीला आलो तेव्हा तू जाळीआडून म्हणालास, "बाहेर आलो की म्हाताऱ्याला उभा चिरतो."

"हळू बोल, शिपाई ऐकतोय."

"ऐकू दे. 'चिरतो'मधली चि ऱ्हस्व की दीर्घ, तेवढं सांग, मास्तर."

ऱ्हस्व, दादा. तेव्हा भीतीने सांगायचं राहिलं.

आज सकाळी बाबांनी आईचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. रक्तातून तिचे दात मी वेचले. फुटक्या ओठांनी ती एवढंच म्हणाली, "दादाला कळवू नकोस हं."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. नुसतं पुस्तक पाठवतो. सोळा पानं दुहेरी दोऱ्याने शिवली आहेत.

तुझा,
मास्तर