कारण एका ओळीत लिहा

४ जून
वडीगोद्रीहून वहिनींचा फोन. "भाऊजी, हाय त्या पॉलिसीच्या वर अजून एक काढायची म्हणते. दवाखान्याचा खर्चा आता बिलकुल पुरून राह्यला न्हाई." दादा गेल्यावर वर्षभरात पहिल्यांदाच विमा हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. बघतो म्हणालो.

६ जून
नवीन जालन्यात एजंटकडे. तीन कंपन्यांचे टॉप-अप. एकीत बी.पी.चा खर्च मिळायला काही वर्षं थांबायचं, दुसरी गुडघे धरतच नाही. तिसरी बरी. एजंट म्हणाला, "काका, सगळं खरं लिहा. लपवलं की क्लेम गेला."
मला शिकवतोय. दादाने कुठं काय लपवलं होतं? इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? दादाला बोलवत नव्हतं. मी म्हणालो, जमान्यापासून. आपल्याकडे चार दिवस भाजी महाग झाली तरी जमान्यापासून महाग असते. दमही चारच दिवसांचा. डॉक्टर बाहेरगावचे, त्यांनी 'अनेक वर्षांपासून' लिहिलं. कंपनी म्हणाली, आजार लपवला, क्लेम मिळणार नाही. दादाने हट्टच धरला, घरी न्या, माझ्यापायी काही विकायचं न्हाई. घरी बारा दिवस काढले, मग गेला.
हे कुणालाच सांगितलेलं नाही. लाज वाटते.

९ जून
वडीगोद्री. दादाचा मोबाइल वहिनी अजून चार्ज करतात. आज त्यावर कंपनीचा मेसेज, वाढदिवसाच्या शुभेच्छा, निरोगी राहा. "बघा, अजून जित्ते समजून राह्यले. लबाड मेले." मी नेहमीसारखी मान हलवली. दादा आतल्या खोलीत खोकतोय असं वाटत राहतं त्या घरात, भर दुपारी. दोनदा उठून बघून आलो.

११ जून
फॉर्म इंग्रजी. बाकी भरला. एक प्रश्न अडला: आधीच्या पॉलिसीत दावा नाकारला होता का? कारण एका ओळीत लिहा. पॉलिसी दादा-वहिनींची एकच होती. कोरं सोडलं तर उद्या वहिनींचाही क्लेम...
लिहिलं. 'पेशंटच्या भावाने डॉक्टरांना चुकीची माहिती दिली.'

१४ जून
फॉर्म घेऊन गेलो. वाटलं, वहिनी सही करतील, सुटलो.
"वाचून दाखवा, मंग करते. मराठीत."
नाव, वय, बी.पी., गोळ्या, सगळं वाचलं. त्या ओळीवर आलो. चष्मा घरी राहिला म्हणालो. चष्मा डोळ्यावरच होता.
वहिनींनी चष्म्याकडे बघितलं. मग फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला, नीट घडी घातली. "राहू द्या भाऊजी. शेजारची सून शिकलेली हाय. उद्या तिच्याकडून वाचून घेते."
एस.टी.त आलो. फॉर्म तिथंच आहे. पेनाने लिहिलंय.