तिसऱ्या अल्बमातील कोरी तबकडी

ता. ५ फेब्रुवारी १९५१, सोमवार.

मी, हंबीरराव दत्ताजी माने, वय वर्षे सदुसष्ट, मूळ राहणार गडमुडशिंगी, शिक्षण मराठी चौथी, संस्थानी दरबारात एकतीस वर्षे चोपदार, ही वही स्वहस्ते लिहीत आहे. आरंभी नाव, वय व दर्जा नमूद असावा, ही मालकीण पद्मजाबाईसाहेबांची अट मला योग्य वाटली.

आज राजारामपुरीतील त्यांच्या बंगल्यात कामावर रुजू झालो. त्यांचे दिवंगत यजमान वकील होते. ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तीन अल्बम त्यांनी मागे ठेवले आहेत. प्रत्येक तबकडी ऐकून या वहीत अभिप्राय लिहावयाचा, हे माझे काम. खोली हवेशीर आहे. स्वयंपाकीण तानाबाईने वेलदोड्याचा चहा दिला व ‘लाजू नगासा पावणं, घर आपलंच हाय’ असे बजावले. दरबार संपल्यापासून इतका प्रसन्न दिवस गेला नव्हता.

ता. ७.

पहिला अल्बम उत्तम. एका गायिकेचा भूप तांब्याच्या घागरीत पाणी भरत जावे तसा चढतो. सनईवाल्याला मात्र वरातीआधी पंगत गाठावयाची होती, असे वाटले. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगते, हे मला रुचले नाही. चोपदाराच्या मुखी सदैव दुसऱ्याचे नाव असते. तथापि दरबारात नाव विचारले गेल्यास तत्काळ उत्तर द्यावे, अन्यथा ती बेअदबी होय.

ता. ९.

दुसऱ्या अल्बमातील नकला हलक्या दर्जाच्या. तरी दोनदा हसलो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

ता. १०.

तिसऱ्या अल्बमात तीनच तबकड्या. लेबल एकीवरही नाही. तिसरी तर कोरी, काचेसारखी गुळगुळीत. पहिलीवर गाणे नाही. ज्ञानू भाऊ चौगुले, पेठ वडगाव, असा एक गृहस्थ वय व दर्जा सांगून याच अल्बमांतील तबकड्यांवरील अभिप्राय वाचतो. त्यात तो भूपही आहे.

तानाबाई म्हणाली, ‘त्यो तुमच्या आदी हुता की, दादा! बोलनंच बंद झालं त्याचं. खुना करीत गेला.’ बाईसाहेबांनी मात्र माझ्यापूर्वी कोणीही नव्हते असे सांगितले. सांगताना त्या माझ्याकडे न पाहता ग्रामोफोनचा कर्णा पुसत होत्या.

ता. १२.

दुसरी तबकडी : त्र्यंबक गणेश ग्रामोपाध्ये, बिद्री. तेच अभिप्राय. शेवटी निराळा, वकिली थाटाचा आवाज आला, की ऐकणाऱ्याने आपले नाव, वय, दर्जा सांगावा. मी उभा राहिलो. दरबारी शिरस्त्याप्रमाणे खड्या आवाजात तिन्ही सांगितले. वळून पाहिले तो दाराशी बाईसाहेब. त्या हसत होत्या.

ता. १३.

आवाज बसला. तानाबाई म्हणते, ‘काल बंगला हादरवला, आन् आज मांजरावानी कुई करताय व्हय?’ तिने काढा दिला. उपयोग नाही.

कोऱ्या तबकडीच्या कडेला बोटभर रेघा उमटल्या आहेत. काल नव्हत्या. बाईसाहेबांवर पाळत ठेवली. त्या तबकडीला हात लावीत नाहीत. रोज माझी वही मात्र उघडून पाहतात.

ता. १४.

ती तबकडी लावली. माझाच आवाज. मी, हंबीरराव दत्ताजी माने — पुढे भूप, घागर, पंगत. हे मी लिहिले. बोललो कधीच नाही. रेघा निम्म्यापर्यंत आल्या.

ता. १५.

तानाबाईला हाक मारली. नुसती हवा. एकतीस वर्षे ज्या आवाजावर ताठ उभा राहिलो, तो —

लिहितो तशी रेघ वाढते. थांबावे म्हणतो, हात थांबत नाही. तबकडी फरशीवर आपटली. फुटली नाही. माझा गळा आतून —

ता. १६.

भर दुपार. बाईसाहेबांनी स्वतः ग्रामोफोनला किल्ली दिली. म्हणाल्या, जबानी अर्धी राहू नये. कर्णा त्याच वकिली आवाजात सांगतो — मी उतरवतो —

समक्ष हजर साक्षीदार :

ज्ञानू भाऊ चौगुले, पेठ वडगाव.

त्र्यंबक गणेश ग्रामोपाध्ये, बिद्री.

हंबीर—