अंकुरची बॅट आणि दादांची शपथ

अल कुसैस, दुबई
फेब्रुवारी २००२

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या चारुदत्तचा नमस्कार. तब्येत कशी आहे? उगाच विचारत नाही, नीट कळवा. ब्लडप्रेशर, गुडघा, गणपतीत छातीत आलेली कळ (ती गॅसेसचीच होती ना?), सगळं. इकडे आम्ही मजेत. अर्चना ऑफिस आणि डबे सांभाळून माझ्यावर ओरडायलाही वेळ काढते.

अंकुर घरी आलाय. तैवानचं कॉन्ट्रॅक्ट खलास. तुमचा पुतण्या बेसबॉल खेळून पोट भरतो हे तुम्ही पुण्यात अजून कुणाला सांगितलेलं नाही (‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’ सांगता म्हणे, कळलं मला). मलाही हा खेळ धड कळत नाही. एवढं कळलं की चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळत सुटायचं. सगळं जग टाकतं. आपला अंकुर बॅट अलगद खाली ठेवतो, तिला हात लावून नमस्कार करतो आणि मग पळतो. तोवर आउट झालेला असतो. चेंडू पार मैदानाबाहेर गेला तर घाई नसते, म्हणून आजवर निभावलं.

अमेरिकेतल्या कोचने आधी समजावलं, मग दम दिला, मग विमानाचं तिकीट दिलं. मेक्सिकोत लोकांनी डोक्यावर घेतला. पोरगा देवभोळा आहे म्हणून म्हाताऱ्या बायका घरचं जेवण आणून द्यायच्या. फायनलमध्ये नमस्कार करता करता आउट झाला आणि जेवण बंद झालं. तैवानात शाळेची पोरं स्टेडियममध्ये त्याच्याबरोबर वाकून नमस्कार करायची (फोटो पाठवतो), पण मालकांना नमस्कार नको होते, धावा हव्या होत्या.

आता याचं मूळ तुम्ही, दादा. दहा वर्षांचा असताना सुट्टीत पुण्याला आला होता, आउट झाला म्हणून बॅट आपटली. तुम्ही कान धरून त्याला बॅटच्या पाया पडायला लावलंत आणि वर म्हणालात, पुन्हा टाकलीस तर माझी शपथ आहे तुला. मग तुम्ही चहा प्यायला गेलात आणि विसरलात. पोरगं विसरलं नाही. मी म्हटलं, अरे यल्ला, चल, टाक की ती बॅट. तर म्हणतो, “बाबा, आय कान्ट. व्हॉट इफ काकांना काही झालं?”

येत्या शुक्रवारी इटलीच्या एका टीमचा माणूस त्याला बघायला इथे येतोय. ही शेवटची संधी. जमलं तर इटली, नाहीतर इकडे अबुधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत स्टोअरकीपरची जागा अर्चनाने बोलून ठेवलीच आहे. पोरगं गॅलरीत बॅट पुसत बसतं. मला बघवत नाही.

बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार, वेदांगला आशीर्वाद.

तुमचा,
चारुदत्त

ता. क. गुरुवारी संध्याकाळी फोन करा आणि अंकुरला एवढंच सांगा, “शपथ सुटली.” मी सांगून भागत नाही, ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते (मी तीनदा सोडवून पाहिली).

ता. क. २ तैवानात एकदा घामाने बॅट हातातून निसटली, त्याच दिवशी तुमच्या छातीत कळ आली. गॅसेसचं त्याला अजून पटलेलं नाही. तेव्हा फोनवर आवाज खणखणीत ठेवा, खोकू नका. आणि इटलीचा सीझन संपेपर्यंत कृपा करून आजारी पडू नका. त्यानंतरही पडू नका, दादा.