टॉलिव्हर हाऊसच्या जिन्यावरची पावलं

डेटन, ओहायो
४ मार्च १९७९

ती. विल्मा मावशीस,
नॅडीनचा सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? डावाच कुरकुरतो, की आता उजवाही त्याला सामील झाला? शेजारच्या मिसेस ओकासियोंचा खोकला थांबला का? मांजराच्या डोळ्यात औषध घालताना अजून ओरबाडून घेतेस का? आणि कान? फोन उचलत नाहीस म्हणजे तेही तसेच असणार, म्हणून हे पत्र. इकडे माझ्या नवऱ्याची, लेस्टरची, पाठ धरली होती, ती सुटली. बाबा बरे आहेत. सदुसष्टाव्या वर्षीही दिवसभर लाकूड तासत बसतात आणि जेवायला हाक मारली की ऐकू आलं नाही असं दाखवतात.

मागे लिहिलं होतं ना, वाचनालयाच्या तळघरात आम्ही जुन्या चित्रपटांचं मंडळ चालवतो? सभासद अकरा, त्यांतले दोघं नुसते उबेला येतात. या एकतीस तारखेला ‘टॉलिव्हर हाऊस’ दाखवणार आहोत. १९४७ सालचा, कृष्णधवल. तुझ्या स्टुडिओचा म्हणून मुद्दाम निवडला. शिकागोच्या एका कंपनीकडून रिळं आली आणि काल आम्ही दोघांनी लावून पाहिली. मावशी, काय त्या सावल्या! नायिकेच्या तोंडावर खिडकीच्या गजांची सावली पडते आणि ती एक शब्द बोलत नाही, तरी सगळं कळतं.

पण एक घोटाळा आहे. नवरा युद्धावरून परत येणार नाही अशी तार हातात घेऊन ती सासूला सांगायला जिना चढते. बाई अशी की वेताची काडी, अंगात रेशमी झगा. आणि पावलं वाजतात ती बटाट्याची पोती उतरवल्यासारखी! धप्प, धप्प, धप्प, जरा रेंगाळून पुन्हा धप्प. लेस्टर म्हणाला की बाईने वर जायच्या आधी फडताळातला अख्खा केक संपवलेला दिसतोय. त्याला मी गप्प केलं, पण एकतीस तारखेला सगळेच हसले तर त्या प्रसंगाचं मातेरं होईल. मी कंपनीला कळवलं. तिथल्या बाई म्हणाल्या की आमच्याकडे नवी प्रत आहे, तिच्यात पावलं नव्याने भरून घेतली आहेत. ती पाठवू, जुनी परत करा, मोडीतच काढायची आहे.

तू तिथे होतीस म्हणून विचारते. एवढ्या मोठ्या स्टुडिओत ही चूक कुणाच्या कानांतून निसटली?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
नॅडीन


बरबँक, कॅलिफोर्निया
९ मार्च १९७९

चि. नॅडीनला,
मावशीचे अ. आ.

पत्र पोचलं. गुडघे जिथल्या तिथे आहेत. मिसेस ओकासियोंचा खोकला गेला आणि त्याच्या जागी तोंड सुरू झालं; खोकला बरा होता. मांजर ठणठणीत, ओरखडे माझ्या हातावर.

तुला सावल्या दिसल्या याचा मला फार आनंद झाला. बहुतेकांना नटीचे डोळे तेवढे दिसतात. मी आठवीपर्यंत शिकलेली बाई, पण तेवीस वर्षं कपडे रंगवायच्या खात्यात काढली, तेव्हा माझं थोडं ऐक. पुढच्या वेळी नायिकेची पांढरी कॉलर बघ. ती पांढरी नव्हेच. शुभ्र कापड त्या दिव्यांखाली इतकं चकाकायचं की माणसाचं तोंड दिसेना, म्हणून आम्ही पांढरं ते सगळं चहात बुडवून काढायचो. नवरीचे झगे, डॉक्टरांचे कोट, नर्सच्या टोप्या, झाडून सगळं. पडद्यावर जी दुधासारखी नवरी दिसते ती आमच्या पातेल्यातून चहाच्या रंगाची होऊन बाहेर पडलेली असे.

आवाजाचंही तेच. चित्रण करताना हाती लागायचे ते संवाद. बाकी सगळं मागाहून घालायचं. बर्फातली पावलं म्हणजे चामड्याच्या पिशवीत मक्याचं पीठ भरून ती दाबायची. बाईची पावलं दुसरीच बाई वाजवायची, तसलेच बूट घालून, पडद्याकडे बघत. नटीचं पाऊल टेकलं की हिचं टेकलंच पाहिजे, पापणी लवायचा फरक चालत नसे. तेव्हा चूक हा शब्द जरा जपून वापर, बाई.

आता विचारते त्याचं मोजून उत्तर दे. पायऱ्या किती? आवाज कुठे रेंगाळतो? आणि वर पोचायच्या आधी श्वास ऐकू येतो का? लेस्टरला बाहेर पाठव आणि आवाज मोठा करून ऐक. तोवर ती प्रत कुणाच्या हाती देऊ नकोस. का, ते विचारू नकोस. तुझ्या बापाला, क्लाइडला, माझी आठवण सांग, पण यातलं अक्षर सांगू नकोस.

उत्तर लगेच टाक. टपालवाल्याची वाट बघून माझी मान दुखते, आणि गुडघ्यांच्या जोडीला आणखी काही नको आहे.
तुझी,
विल्मा मावशी


डेटन
१४ मार्च १९७९

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मोजलं. तीनदा मोजलं. पायऱ्या अकरा. तिसरीनंतर, सहावीनंतर आणि नववीनंतर आवाज किंचित मागे पडतो आणि पुढचं पाऊल धावत येऊन नटीला गाठतं. आणि हो, नववीनंतर श्वास आहे. आधी मला वाटलं रीळ खरखरलं. पण नाही, श्वासच आहे, अगदी कामाला जुंपलेल्या माणसाचा. त्या वेळी कॅमेरा नटीच्या तोंडावर आहे आणि तिचे ओठ मिटलेले आहेत.

मावशी, तू न बघता श्वासाचं विचारलंस. तुला कसं ठाऊक?

तुझ्या पत्रातल्या ‘तसलेच बूट घालून’ या शब्दांपाशी मी दोन दिवस अडकून बसले आहे. लहानपणापासून आईच्या कामाचं विचारलं की बाबा एकच सांगतात, ती बुटांचं काम करायची. मी आजवर समजत होते की कुठल्याशा दुकानात गुडघ्यांवर बसून ती लोकांच्या पायांत बूट चढवायची. काल पुन्हा विचारलं. रंध्यावरून मान वर न करता म्हणाले, सांगितलंय ना, बुटांचं. दुकान कुठलं म्हणून विचारलं, तर त्यांना तेवढ्यात एक खिळा सापडेनासा झाला.

मी तीन वर्षांची असताना ती गेली. माझ्याकडे तिचे चार फोटो आहेत, चारही मुके. आवाज कसा होता असं बाबांना विचारलं तर म्हणतात, चांगला होता. एवढ्यावर मी बत्तीस वर्षांची झाले.

पुढच्या गुरुवारी, बावीस तारखेला, कंपनीचा माणूस नवी प्रत घेऊन येणार आणि जुनी घेऊन जाणार. तुला जे माहीत असेल ते त्याच्या आत सांग. कुणाला वचन दिलं असशील तर ते मोडून सांग.

तुझी,
नॅडीन


बरबँक
१८ मार्च १९७९

चि. नॅडीनला,
अ. आ.

हे जलद टपालाने पाठवते आहे. तब्येतीच्या चौकशा पुढच्या वेळी.

ती लिबीच आहे. तुझी आई.

सहा वर्षं ती त्या स्टुडिओत पावलं वाजवायची. डोळे मिटून ऐकलं असतंस तर तुलाही सांगता आलं असतं की ही सावकाराची बायको चालली, ही जोगीण, ही दारू पिऊनही न प्यायल्याचं सोंग करणारी. बुटांचे बारा जोड तिच्या कपाटात असायचे, म्हणून आम्ही सगळे तिला थट्टेने बुटवाली म्हणायचो. क्लाइडही म्हणायचा. तेव्हा तुझा बाप खोटं बोलला नाही. फक्त बोलला नाही.

तुझ्या आधी एक मूल पाचव्या महिन्यात गेलं. दिवसभर पाय आपटते म्हणून गेलं, असं क्लाइडने धरून ठेवलं. डॉक्टरांनी समजावलं, पण दुःखाला कुणावर तरी बोट ठेवायचं असतं. तू पोटात आलीस तेव्हा त्याने लिबीला शपथ घातली आणि तिने नोकरी सोडली. सातव्या महिन्यात, ऑक्टोबर सेहेचाळीसमध्ये, पावलं वाजवणाऱ्या दुसऱ्या बाईचा घोटा मोडला. चित्रपट अडकला. ध्वनिखात्याचे साहेब माझ्या चहाच्या पातेल्यापाशी येऊन म्हणाले की एकच प्रसंग आहे, बहिणीला विचारून बघ. मी विचारणारच नव्हते. पण लिबीच्या तोंडाकडे बघून विचारून बसले. ती म्हणाली की इतके महिने मी रेडिओवर दुसऱ्या बायकांची पावलं ऐकते आहे, आणि एकीलाही चालता येत नाही.

क्लाइडला सांगितलं, बाळाची दुपटी शिवायला माझ्याकडे येते.

एरवी जिना चढायचा म्हणजे एकाच फळीवर पाय आपटायचे. लिबीला ते जमेना. पोटाच्या पुढे तिला स्वतःचे बूटच दिसेनात! मग ती कुठूनतरी तीन लाकडी पायऱ्या घेऊन आली. चांगल्या बुटक्या, दणकट. कुणी करून दिल्या ते मी विचारलं नाही. साहेबांनी चित्राचे छोटे तुकडे केले: तीन पायऱ्या चढायची, थांबायचं, मी हात धरून तिला खाली उतरवायची, पुन्हा तीन. म्हणून तुला तिसरी, सहावी, नववी अडखळलेली ऐकू आली. नववीला तिला धाप लागली. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा चालूच होता, श्वास रिळावर गेला.

साहेब म्हणाले, उद्या दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेऊ. तेवढ्यात दिग्दर्शक आले. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि सांगितलं की ही बाई काहीतरी वाहून नेते आहे, खबरदार याला हात लावाल तर. त्यांना वाटलं, ती तारेचं ओझं वाहते आहे.

तू बटाट्याचं पोतं म्हणालीस ना? ते पोतं तू होतीस. तो जिना तुम्ही दोघी मिळून चढला आहात.

हे क्लाइडला कधी कळू द्यायचं नाही, असं वचन लिबीने माझ्याकडून घेतलं होतं. बत्तीस वर्षं पोटात ठेवलं. पण तिने वचन घेतलं ते क्लाइडच्या जिवाला घोर नको म्हणून. ती प्रत मोडीत निघाली तर तुझ्यासाठी तिचा श्वास दुसरा कुठे उरत नाही, आणि याला ती कधीच हो म्हणाली नसती. त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. रागावला तर माझ्यावर रागावू दे, मला ऐकूही येणार नाही.

प्रत देऊ नकोस.
तुझी,
विल्मा मावशी


डेटन
१ एप्रिल १९७९

ती. मावशीस,
तुझ्या नॅडीनचा सा. न. वि. वि.

पत्र एकवीस तारखेला दुपारी मिळालं. फडताळाला टेकून उभ्यानेच दोनदा वाचलं. बावीसला कंपनीचा माणूस आला. मी दोन्ही प्रती ठेवून घेतल्या, उद्या या म्हणाले, आणि नवी लावून पाहिली. टक, टक, टक, टंकलेखन यंत्रासारखी स्वच्छ पावलं. एकही अडखळत नाही आणि कुणीही कुठे पोचत नाही. दुसऱ्या दिवशी नवीच परत केली. कंपनीच्या बाईंनी फोन करून विचारलं, तिच्यात काय दोष आहे? मी म्हटलं, हिच्यातल्या नायिकेला वजन नाही. त्या म्हणाल्या की जुनी तशीही मोडीतच जायची होती, राहू द्या तुमच्याकडे.

काल खेळ झाला. बाबांना आणलं. काही सांगितलं नव्हतं, फक्त नंतर ॲपल पाय खायला मिळेल असं कबूल केलं होतं. मी यंत्रापाशी, ते माझ्या शेजारी. जिन्याचा प्रसंग आला. कुणी हसलं नाही, मावशी. उबेला येणारे दोघंही खुर्चीत पुढे सरकले. बाबा मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. मान खाली घालून बोटांनी गुडघ्यावर मोजत होते. तीन. तीन. तीन. मग श्वास आला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

सगळे गेल्यावर म्हणाले, पुन्हा लाव. चारदा लावलं. मग मला म्हणाले की तुझ्या आईने मागच्या दारासाठी म्हणून माझ्याकडून तीन पायऱ्या करून घेतल्या होत्या. उंची कमी ठेव, कडा गोल कर, हलता कामा नये, असं दहा वेळा बजावलं होतं. मी विचारलं, मग? म्हणाले, मग काय, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, नॅडीन. त्याला मागचं दारच नव्हतं.

त्यांना सगळं ठाऊक होतं. पायऱ्या करताना प्रत्येक फळीवर स्वतः उड्या मारून पाहिल्या, म्हणाले. शपथ घातली होती म्हणून जा म्हणता येईना, आणि तिचं तोंड बघून नको म्हणता येईना, म्हणून सुतारकाम केलं. मला म्हणाले, तू जन्मलीस, धडधाकट जन्मलीस, त्या दिवशी तिला सांगणार होतो, मग उद्या सांगू म्हणत राहिलो. तुझं पत्र मी त्यांच्या हाती दिलं, तेव्हा मला ठाऊक आहे हे विल्मालाच ठाऊक नव्हतं, असं म्हणून ते हसले आणि मग त्यांना रुमाल सापडेना.

श्वास मी आता रोज ऐकते. त्याच्यानंतर लगेच कापलेलं आहे, दहावं पाऊल येतं. पण मावशी, त्या श्वासानंतर, तू तिला हात धरून खाली उतरवत होतीस तेव्हा, ती काहीतरी बोललीच असेल. ज्या बाईला रेडिओवरच्या बायकांच्या चालण्यात खोड दिसते, ती गप्प राहणार नाही. ती काय म्हणाली? शब्द आठवत असतील तर शब्द, नाहीतर ती हसली की वैतागली, तेवढं. बाबाही विचारत आहेत. शेजारी उभे राहून, काय लिहिलंस, काय लिहिलंस म्हणून माझा हात हलवत आहेत.

जलद टपालाने लिही. वाट पाहतो आहोत, दोघंही.
तुझी,
नॅडीन