साक्षीतली करिश्मा

प्रिय लालसू,

प्रिय लिहिलं खरं. नुसतं ‘लालसू’ लिहिलं असतं तर कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटलं असतं तुला. फोन करता आला असता, पण फोनवर तू रडतोस. तू रडायला लागलास की तुला गप्प करायचं काम माझ्याकडे येतं, लहानपणापासून तेच चाललं आहे, आणि मग माझं बोलायचं राहून जातं. म्हणून अंगणवाडीतून आल्या आल्या ओट्यावर बसून लिहिते आहे. समोर अंगणात धनराज मोहफुलं पसरवतो आहे. काय लिहितेस म्हणून त्याने विचारलेलं नाही. नवरा-बायको एका घरात, पण तो हल्ली काहीच विचारत नाही.

पास्टर राजदीप काल येऊन गेले. येत्या रविवारी तू बल्लारपूरहून गावी येणार, आपल्या मंडळीत साक्ष देणार, प्रभूने तुला कसं बदललं ते सांगणार, आणि तुझी साक्ष संपली की मी बायकांच्या चटईवरून उठायचं, तुझ्याजवळ येऊन उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं की मी माझ्या भावाला क्षमा केली. त्यानंतर प्रभुभोजन, सगळ्यांनी प्रभूची भाकर खायची. आईची खाट उचलून चर्चमध्ये कोण आणणार, खाट कुठे ठेवणार, तेही ठरलं आहे. सगळं ठरवून झाल्यावर त्यांना आठवलं की मला विचारायचं राहिलं. चहा संपेपर्यंत मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पास्टर चांगले आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना वाटतं क्षमा म्हणजे कोठीत ठेवलेलं धान्य आहे, मी हात घातला की मूठभर निघेल.

आईचं सांगायचं तर ती आता पेजेशिवाय काही घेत नाही. डोळे मिटून पडलेली असते, आणि दारात कुणाची चाहूल लागली की विचारते, “लालस्या आला का?” मी तिचं अंग पुसते, कूस बदलते, तिच्या डोक्याला तेल लावते, आणि ती तुझी वाट बघते. त्याचं मला वाईट वाटत नाही. शेंडेफळाचे लाड असतातच. पण परवा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “तुम्ही दोघं एका ताटातली भाकर खाऊन राह्यले, येवढं दिसू दे मले. मंग मी जातो.” हिच्या हातात एवढी पकड अजून कुठून येते कोण जाणे. माझी बोटं दुखत होती.

तुला आठवतं का, करिश्माचं नाव ठेवताना घरात केवढा गोंधळ झाला होता? आईला रिबका हवं होतं. तू त्या वेळी सिनेमाच्या नादात, नटीचं नाव घेऊन बसलास. म्हणालास, भाची आपली हिरोईन होणार. बाबा तेव्हा होते. आईने त्यांना मध्ये घातलं तर ते हसायलाच लागले. आपल्या बाप्तिस्म्याच्या वेळीही त्यांनी असंच केलं होतं. तेव्हाचे पास्टर सांगत होते, सुकरीची सारा करा, लालसूचा लूक करा. बाबा म्हणाले, “देवाले जुनीच नावं पाठ झाली असतीन. काऊन तरास द्यायचा त्याले?” म्हणून मी सुकरीच राहिले, तू लालसूच राहिलास आणि माझी मुलगी तुझ्या हट्टाने करिश्मा झाली. नाल्याला पाणी असलं की शाळेत जाताना तू तिला खांद्यावर घेऊन पार करायचास. ती मोठी झाली, दोन वेण्या घालायला लागली, तरी “मामा, घे ना” म्हणायची आणि तू पँट वर करून वाकायचास. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा चंद्रपूरला तिची पेटी घेऊन तूच गेलास. तुझा तिच्यावर जीव होता. तुझा जीव नसता तर मला किती सोपं गेलं असतं.

नाताळच्या सुट्टीला ती आली तेव्हा आलापल्लीला तिला घ्यायलाही तूच गेला होतास. बस उशिरा येणार होती. तेवढ्यात तू कुणाच्या तरी आवारात बसून प्यायलास. तिला गाडीवर मागे बसवलंस आणि रस्त्याच्या कडेला बिनदिव्याचा ट्रक उभा होता त्यावर जाऊन आदळलास. तुझा हात मोडला. ती जागीच गेली. इथे चर्चवर तारा लावून झाला होता, पोरं गाण्यांची तयारी करत होती, आणि मी तिच्यासाठी अनारसे तळत होते. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या साक्षीत हा भाग लवकर उरकतो.

तिला पुरलं तेव्हा तू हात गळ्यात बांधून लांब उभा होतास. धनराज चालत तुझ्याकडे गेला आणि त्याने तुला मिठी मारली. लोक अजून त्याची आठवण काढतात. पास्टरांनी त्यावर उपदेशही केला. मी मात्र तेव्हापासून त्या माणसाला पोटभर वाढते आणि मनातलं एक अक्षर बोलत नाही. त्याने ती मिठी मारायच्या आधी एकदा माझ्याकडे वळून बघायला हवं होतं.

पुढे तू तुरुंगात गेलास, तिथे कुणी तुझ्या हातात नवा करार दिला, तू दारू सोडलीस. बाबांच्या उपासनेला हसणारा लालसू तुरुंगात गुडघे टेकायला शिकला, हे ऐकून आई रडली. मलाही बरं वाटलं. खरंच वाटलं. दारू सुटली, तुझ्या बायकोच्या अंगावर मांस दिसायला लागलं, याचं कुणाला वाईट वाटेल? मी त्याच दिवशी देवाचे आभार मानायला बसले आणि आभार मानता मानता माझ्या मनात आलं की या देवाने माझ्या भावाला क्षमा करून टाकली आणि मला विचारलंसुद्धा नाही. मुलगी माझी होती. निदान एका शब्दाने विचारायचं.

मग ती क्लिप आली. अंगणवाडीत मंगली म्हणून माझी मदतनीस आहे, तिने मोठ्या कौतुकाने मोबाईल पुढे धरला. “बाई, तुमच्या भाऊची साक्ष पाहा. किती लोक आले, बापा!” बल्लारपूरची सभा होती. पांढरा शर्ट, हातात माईक. बोलायला लागलास ते छान बोललास, तू आहेसच बोलका. आणि मग म्हणालास, “माझी करिश्मा गेली, आणि माझ्या जीवनात करिश्मा झाला!” लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हटलं. वाक्य संपायच्या आत तू माईक थोडा खाली घेतलास आणि थांबलास. टाळ्यांना जागा देऊन थांबलास, लालसू. म्हणजे हे वाक्य तू आधीही म्हटलं होतंस, आणि टाळ्या कुठे पडतात हे तुला पाठ झालं होतं. समोर चुलीवर पोरांची खिचडी लागली, करपट वास सुटला, तरी मी त्या मोबाईलकडे बघत उभी. माझी मुलगी हा तुझा चमत्कार? ती मेली नसती तर तू तरला नसतास, असाच ना हिशेब? मग मी काय म्हणू, बरं झालं मेली?

रविवारी ते वाक्य म्हणू नकोस. बाकी काय बोलायचं ते बोल. आईला आता नीट ऐकू येत नाही, पण नातीचं नाव तिला ऐकू जातं.

शेजारची बुधरी तुझ्याबद्दल विचारत असते. ती आपल्या जुन्या देवांचीच राहिली, तुला माहीत आहे. करिश्मा गेली तेव्हा ती येऊन माझ्याजवळ बसली आणि तुरीच्या शेंगा सोलत राहिली. मग एकदा म्हणाली, “आमच्यात असतं तं पंच बसले असते. लालसूनं गावाले जेवण दिलं असतं, तुह्या दारात वरीसभर लाकडं आणून टाकली असती. तुमच्यात काहीच नाई लागत का वो?” मी म्हटलं, आमच्यात येशूने सगळं भरलं. ती म्हणाली, “ते ठीक आहे. पण तुह्या दारात कोण आलं?” तू आला नाहीस, लालसू. देवाकडे गेलास, पास्टरांकडे गेलास, बल्लारपूरला, वरोऱ्याला, घुग्घुसला सभांमध्ये गेलास. माझ्या ओट्यावर एकदा येऊन बसला असतास तर मी शिव्या दिल्या असत्या, कदाचित चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं. त्याच्या पुढे काय झालं असतं ते मला माहीत नाही. पण काहीतरी झालं असतं.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. उपास केले. धनराज जंगलात गेला की एकटी घरात मोठ्याने म्हणून बघितलं, लालसू, मी तुला क्षमा केली. भिंतींना ऐकू गेलं, मला नाही. प्रभूच्या प्रार्थनेत सगळ्यांबरोबर म्हणत जाते, आणि आम्ही दुसऱ्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड, या जागी आलं की तोंड मिटतं. खोटं कसं बोलू त्याच्याशी? प्रभुभोजनात भाकरीची ताटली येते ती मी न घेता पुढे सरकवते, कारण मनात वैर ठेवून ती खाणारा स्वतःवर देवाचा न्याय ओढवून घेतो, हे मी तुझ्याआधीपासून शिकले आहे. बायका बघतात. आधी बघून हळहळायच्या, आता नुसत्या बघतात. तू म्हणतोस प्रभू तुझ्याशी बोलतो. माझ्याशी त्याने बोलणं टाकलं आहे. पूर्वी मोह वेचताना सहज काही सांगायचे त्याला, जसं घरच्या माणसाला सांगतो तसं. आता खाली वाकते, फुलं गोळा करते, टोपली भरली की घरी येते. तिकडे कुणी आहे असं वाटतच नाही. आणि नसलं तरी मला आता भीती वाटत नाही, याचीच कधी कधी भीती वाटते.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. आज सकाळी मी पास्टरांकडे जाऊन हो म्हणून आले. आई फार दिवस काढणार नाही, आणि तिला एवढंच हवं आहे. रविवारी मी तुझ्याजवळ येऊन उभी राहीन, आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणेन की मी माझ्या भावाला क्षमा केली. मग तिच्या खाटेजवळ बसून तुझ्याबरोबर भाकर खाईन, मनात वैर असताना ती खाऊ नये हे माहीत असून खाईन. त्याचं जे व्हायचं ते माझं होईल. मी खोटं बोलले हे देवाला कळेल, पण तो काही बोलत नाही. म्हणून एका माणसाला तरी आधी सांगून ठेवावं असं वाटलं, आणि सांगण्यासारखं माझं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. मंडळी ते खरं मानेल. आई खरं मानेल आणि सुखाने डोळे मिटेल. तू मानू नकोस.

तुझीच,
सुकरीबाई